विसरलेल्या पदार्थांची फेरी

मनगटाच्या थोडं वर, हाताच्या आतल्या बाजूला, जिथे एरवी त्वचा नितळ असते आणि खालच्या निळ्या शिरा दिसतात, तिथे लव होती. दाट नव्हती. तान्ह्या मुलाच्या खांद्यांवर पहिले काही आठवडे असते तशी बारीक, रंग नसलेली, एकाच दिशेला झुकलेली. खिडकीतून येणारा उजेड तिरपा होता म्हणून ती दिसली. डोक्यावरचा दिवा लावलेला असता तर दिसली नसती. भाचीने टेबलावरचा, माप दाखवायला ठेवलेला रबरी बटाटा उचलायला हात पुढे केला, स्वेटरची बाही थोडी मागे सरकली, आणि तेवढ्यात आत्याने ती पाहिली. भाचीने बटाटा तळहातावर तोलला, "एवढाच होता, किंचित लहान असेल," असं म्हणून खाली ठेवला आणि बाही पुन्हा बोटांपर्यंत ओढून घेतली. "उकडलेला की भाजलेला?" आत्याने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. तो तसा निघाला याचं तिला नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

उपाशी शरीर असं करतं. कातडीखालची चरबी संपली की ऊब धरून ठेवायला ते जन्मावेळची लव पुन्हा अंगावर आणतं. आत्या हे वर्गात शिकवत असे, आणि शिकवताना तिला त्यात एक प्रकारचा शहाणपणा दिसत असे, शरीराचा. आता समोर खुर्च्यांवर तिचे विद्यार्थी बसले होते. विद्यापीठातली मुलं काय खातात, कधी खातात, काय टाळतात, याची पाहणी तिचा विभाग दर वर्षी करत असे, आणि मुलाखती घ्यायला नवी मुलं तयार करावी लागत. प्रश्न तसा एकच: काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तुमच्या पोटात काय काय गेलं? पण तो विचारायला शिकवण्यात आख्खा आठवडा जाई. पहिला धडा चेहऱ्याचा. समोरचा म्हणाला, दिवसभर नुसता चहा प्यायलो, तरी भुवई हलता कामा नये. "एवढंच?" म्हणायचं नाही. "अरे वा!" तर मुळीच म्हणायचं नाही, कारण दुधाला एकदा शाबासकी मिळाली की माणूस पुढच्या प्रत्येक जेवणात दूध पीत सुटतो. फक्त "बरं" म्हणायचं, आणि "त्यानंतर?" नमुन्याच्या मुलाखतीसाठी बोलावलेली मुलगी सर्दीने आली नव्हती. भाची आत्याबरोबर घरी जायला म्हणून बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला चष्मेवाल्या संशोधक मुलाने दारातून आत ओढलं. "मॅडम, ही चालेल?" सगळ्यांसमोर नाही म्हणायला कारण काय सांगायचं? चालेल, आत्या म्हणाली होती.

आणि भाचीने दिवस सांगितला. सकाळी पाव, दोन अंडी, कपभर दूध. दुपारी कँटीनमध्ये सूप, बटाटा, दही. चार वाजता सफरचंद. सांगण्यात घाई नव्हती, संकोचही नव्हता. बटाटा कुठल्या आकाराचा, दुधाला साय होती की नाही, सगळं ती जिथल्या तिथे ठेवत गेली. "बरं," आत्या म्हणाली. "त्यानंतर?" "रात्री घरी भात आणि डाळ," भाची म्हणाली. मग आत्याच्या डोळ्यांत सरळ बघत तिने जोडलं, "आत्याबरोबर." खोलीत हसू फुटलं. टेबलावर मापाच्या वाट्या लहानपासून मोठीपर्यंत ओळीने मांडल्या होत्या. "वाटी कोणती?" आत्याने विचारलं. भाचीने मोठीच्या अलीकडची उचलली. काल रात्रीचं ताट आत्याच्या डोळ्यांसमोर होतं: भात ताटाच्या कडेने गोल पसरवलेला, मधोमध रिकामी जागा, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ताट अर्धं संपल्यासारखं वाटावं. "ही वाटी," भाची म्हणाली, "काठोकाठ." आत्याने तसं लिहिलं. मुलं टक लावून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, कारण तेच शिकायला ती बसली होती.

मग विसरलेल्या पदार्थांची फेरी. पहिल्या फेरीत माणूस जेवणं सांगतो. मधलं सगळं त्याच्या ध्यानातून गेलेलं असतं. मैत्रिणीने दिलेली गोळी, धाकट्या भावाने टाकलेला पावाचा तुकडा, दुसऱ्याच्या बशीतून उचललेले चिप्स. म्हणून परत मागे जायचं आणि हळूच विचारायचं, दोन जेवणांच्या मध्ये तोंडात काही टाकलं होतं का? भाचीने छताकडे पाहिलं. ओठ जरासा चावला. "अरे हो!" ती म्हणाली. "प्रयोगशाळेबाहेर मैत्रिणीने बिस्किट दिलं होतं. एक. नाही, दीड, तिचं अर्धं उरलं होतं तेही." चष्मेवाला खूश झाला. "मॅडम, अशी माणसं मिळाली तर आपली पाहणी आठवड्यात उरकेल." मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या वसतिगृहात ये मग. काल काय खाल्लं विचारलं तर परवाचं सांगतात." "कारण काल खाल्लेलंच नसतं!" "खाल्लेलं असतं गं. डोकं. सरांनी माझं, मी तुझं." सगळे हसले, भाचीही हसली, आणि हसताना तिच्या मानेवरच्या दोन्ही शिरा ताणून वर आल्या. तेव्हा आत्याला आठवलं की हे बिस्किट एका अर्थी तिनेच भाचीच्या हातात दिलं होतं. थंडीत कधीतरी जेवताना ती कामाबद्दल बोलली होती. सहसा बोलत नसे, पण भाचीने विचारलं होतं, आणि घरात तिच्या कामाबद्दल कुणी विचारायची ती पहिलीच वेळ होती. खरं बोलणारा विसरतो, ती म्हणाली होती. ज्याचा दिवस पहिल्याच फेरीत पुरा होतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. भाची हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत होती. चमचा ताटात पडून होता. आत्याला बोलायचं इतकं सुख झालं होतं की चमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

मुलं गेली. रबरी फळं, रबरी कापलेले पाव, रबरी मासा पेटीत भरताना तिला वाटलं, आपण आता, या क्षणी, काहीतरी बोललं पाहिजे. भाची खिडकीत पाठमोरी उभी होती आणि उन्हात असूनही तिने हात काखेत धरले होते. "निघायचं?" भाचीने विचारलं. "हो, निघू," आत्या म्हणाली आणि पेटीचं कुलूप लावलं.

भाची लहान होती तेव्हा गुबगुबीत होती. दादाने तिचं नाव ढब्बू ठेवलं आणि ते चिकटलं. दोन वर्षांपूर्वी तिला इथे प्रवेश मिळाला तेव्हा दादा स्वतः सोडायला आला होता. "घरात आहारशास्त्राची प्राध्यापिका असताना वसतिगृहाचं खाणं कशाला? आता तू हिला तोलूनमापून खायला घाल." वहिनी म्हणाली होती, "मला मेलीला नुसतं पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं, ढब्बू माझ्यावरच जाणार." तो विनोद होता, सगळे हसले होते, ढब्बूही. पहिल्या वर्षी तिने साखर सोडली. तळलेलं सोडलं. मग रात्री उशिरा खाणं, मग पाकिटातलं काहीही. आत्या नंतर मागे वळून पुन्हा पुन्हा तपासत असे, ही चूक नेमकी कुठल्या पायरीवर सुरू झाली, आणि तिला ती पायरी सापडत नसे. साखरेची गरज नसते, खरं आहे. तळलेलं कमी खावं, खरं आहे. भाचीचं एकेक वाक्य बरोबर होतं, पुस्तकातलं होतं, पुष्कळदा आत्याच्याच कपाटातल्या पुस्तकातलं. फक्त त्यांची बेरीज चुकत गेली. आणि बेरीज कुणाला दिसत नव्हती, कारण सगळे कौतुक करत होते. मैत्रिणी विचारत, कसं गं केलंस? विभागातल्या बाई म्हणाल्या, तुमची भाची काय सुरेख दिसायला लागलीय, घरच्या तज्ज्ञाचा फायदा.

तिने काही केलं नाही असं नाही. एकदा सुपात न सांगता लोणी घातलं. भाचीला पहिल्या चमच्याला कळलं. ती ओरडली नाही. उठून हात धुतले, आणि पुढचे कित्येक दिवस "मी जेवून आले" एवढंच सांगत राहिली. मग एका संध्याकाळी स्वतःच येऊन समोर बसली आणि म्हणाली, "आत्या, मी तुझ्याबरोबर जेवेन. पण तू माझ्याकडे बघायचं नाही." आत्याला ती अट मोठी वाटली नाही. तेव्हापासून जेवताना ती वर्तमानपत्र समोर धरी. बातम्या वाचून संपल्या की जाहिराती वाची. पानापलीकडे चमचा ताटाला लागल्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई, आणि ती आवाजावरून घास ओळखायला शिकली, जसा कुणी अंधारात पावलं ओळखतो. कधी कधी ओळीने चार आवाज येत आणि तिला रडू फुटेल असं वाटे, इतका आनंद होई. काल रात्री मात्र तिने पान उलटताना ते ताट पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं केलं होतं.

विद्यापीठाच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तिची कॉलेजातली मैत्रीण. तिला ती सगळं सांगत असे. सांगणं म्हणजे काही केल्यासारखं वाटे. "अगं, किती पुरावे गोळा करणार आहेस?" डॉक्टरीण मागच्याच आठवड्यात म्हणाली. "तिच्यावर प्रबंध लिहायचाय का? तिला घेऊन ये. रक्त बघू, हृदयाचा आलेख काढू." "ती येत नाही." "तिच्या आईबापांना सांग." "तिने शपथ घातलीय." "शपथेने कुणी मरत नाही गं, याने मरतात." मग तिचा आवाज उतरला. "हे बघ, सज्ञान मुलगी आहे, मी तिला बांधून आणू शकत नाही. आणली तरी ती उद्या उठून जाईल, परवाही जाईल. पण खाट राखून ठेवते मी. तू म्हणशील तेव्हा." प्रात्यक्षिकं होऊ दे, आत्या म्हणाली होती. त्याआधी तिने प्रकल्प होऊ दे म्हटलं होतं, आणि त्याच्याही आधी, जरा थंडी सरू दे. डॉक्टरीण हसली नाही. "तुझ्या प्रत्येक नंतरला आणखी एक नंतर आहे," ती म्हणाली. आता शेवटची परीक्षा सोमवारपासून होती. भाची गणितात पहिली येईल अशी सगळ्यांची खात्री होती. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं आत्या मुलांना सांगत असे. आणि आपण निरीक्षणं साठवतोय ती निष्कर्ष टाळायला, हे तिला रोज सकाळी आरशासमोर कळे आणि दुपारपर्यंत पुसलं जाई.

रस्त्यात गर्दी होती. दुकानं उजळायला लागली होती. बेकरीच्या काचेपाशी भाची थांबली. ती नेहमी थांबे. काचेमागच्या एकेका केकवरची चिठ्ठी ती वाचे, पुटपुटत, लहान मुलं पाट्या वाचतात तशी. "हा तुझा आवडता," ती म्हणाली आणि आत जाऊन एक तुकडा घेऊन आली. "खा ना. आत्ता, इथेच." आत्याला भूक नव्हती. पण भाचीचा चेहरा उजळला होता, महिन्यात एखाद्या वेळी उजळे तसा. म्हणून भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, आत्याने केक खाल्ला. भाची तिच्या तोंडाकडे बघत होती. मऊ आहे का, आत ओला आहे का, आजचा आहे का, विचारत होती. आत्या सांगत होती. अक्रोड आहेत, हो, भाजलेले. बोटांना लागलेलं लोणीसुद्धा तिने चाटलं, कारण भाचीला तेही बघायचं होतं, असं तिला वाटलं.

"काल रात्री तू भात खाल्लास?" पुन्हा चालायला लागल्यावर तिने विचारलं. इतक्या सरळ तिने कधी विचारलं नव्हतं.

"तूच लिहिलंस की, वाटीभर."

"तू सांगितलंस ते लिहिलं."

"मग झालं तर. विद्यापीठाच्या दप्तरी माझं जेवण झालंय." भाची हसली. मग तिच्या दंडात हात घालून म्हणाली, "रागावलीस? अगं, गंमत. त्या मुलांसमोर काय सांगायचं होतं मी?"

हात कपड्यावरूनही गार लागला. आत्याला वाटलं, हिला काय सांगता आलं असतं? आणि मला काय विचारता आलं असतं? मुलं वही उघडून बसली होती.

इमारतीची लिफ्ट बंद होती. खालचे आजोबा दारात उभे होते. "चढा आता," ते म्हणाले, "तुम्हा पोरींना काय, वाऱ्यावर वर जाल." पोरींमध्ये त्यांनी आत्यालाही धरलं म्हणून भाचीने तिला कोपर मारलं. पहिला जिना ती बोलत चढली. दुसऱ्यावर बोलणं थांबलं. वळणावर तिने कठडा धरला, म्हणाली, "थांब हं, पिशवी जड आहे," आणि मग हळूच, कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशी, पायरीवर बसली. पिशवी आत्याच्या हातात होती. आत्या खाली बसली आणि तिने भाचीच्या मानेला दोन बोटं लावली. एक ठोका लागला. मग काही नाही. तिला वाटलं बोटं चुकीच्या जागी आहेत, ती हलवणार इतक्यात दुसरा लागला. शरीर सगळीकडे काटकसर करत करत शेवटी इथे पोचलं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. ओठांचा रंग गेलेली ही मुलगी अजून कठडा धरून होती, आणि तिच्या बोटांची पकड मात्र भलतीच घट्ट होती.

"आज नीट खाल्लं नाही, म्हणून," भाची म्हणाली.

"आज?"

भाचीने कपाळ कठड्याला टेकवलं. "मला खायचं असतं, आत्या. खरंच असतं. दिवसभर मी दुसरा विचारच करत नाही. ताट समोर आलं की कुणीतरी हात धरतं."

"कोण?"

"मीच गं. दुसरं कोण असणार?" ती रडत नव्हती. परीक्षेतला प्रश्न वाचून दाखवावा तशी बोलत होती. "परीक्षा होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येईन. डॉक्टरांकडे, कुठेही. पण आईला नको सांगू. ती इथे येऊन बसेल आणि माझ्या तोंडाकडे बघत राहील. मी मरेन."

आत्याने तिला काखेत हात घालून उठवलं. हाताला वजन लागलं नाही. मोळी उचलताना लागतं तेवढंही नाही. वर जाईपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं लावत होती आणि मोडत होती. सांगितलं तर ही माझं घर सोडेल. वसतिगृहात जाईल, तिथे वर्तमानपत्राआडून ऐकणारंही कुणी नाही. इस्पितळात नेलं तर नळी लावतील, वजन भरेल, घरी येईल, आणि पुन्हा एक दिवस बाही ओढून घेईल; अशा मुली तिने कागदावर पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यांतल्या काही बऱ्या होत आणि काही होत नसत, आणि का होत नसत ते कुठल्याच कागदावर नव्हतं. बरी झाली तरी ही मला माफ करेल असं नाही. सांगितलं नाही तर सोमवारी ही पेपर लिहायला बसेल आणि तिथे, उत्तर अर्धं असताना, त्या ठोक्यानंतर दुसरा लागणार नाही. दोन्ही बाजूंना ती काही करू शकत नव्हती. फक्त एका बाजूला तिला बोलावं लागणार होतं.

घरात शिरल्यावर भाचीने दिवे लावले, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी मांडायला लागली. दुसऱ्यासाठी रांधायचा तिला कंटाळा नसे. फोन वाजला. या वेळेला वहिनीचाच असतो.

"किती वेळ लावतेस उचलायला! मला वाटलं दोघी कुठे उधळल्यात." वहिनीच्या मागे दादाचं खोकणं ऐकू येत होतं. "ढब्बू आहे ना? अभ्यास झाला का तिचा? मी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय, मागच्याच मापाचा, आता घट्ट होईल का गं तिला? फोटोत तर चेहरा उतरल्यासारखा वाटतो, पण हे म्हणतात फोटोतच तसं दिसतं. जागरणं करत असेल. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे हो, नाहीतर परीक्षेच्या दिवसांत पोरं खातात का काही? जेवते ना वेळेवर?"

भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात पुसायचं फडकं. तिने मान हलवली, अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. या प्रश्नाला आत्या नेहमी "हो, जेवते" म्हणत असे, आणि ते दोन शब्द आताही तिच्या जिभेवर तयार होते. ते बोलायला काही श्रम पडणार नव्हते. भाची ओठांनी, आवाज न करता, सोमवार म्हणाली.

"वहिनी," आत्या म्हणाली आणि पुढचं वाक्य इतक्या खालच्या आवाजात आलं की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"काय? नीट बोल गं, आवाज येत नाहीये. हॅलो?"

भाचीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने ते उचललं नाही. ती रागावलेली दिसत नव्हती. रस्ता ओलांडताना कुणी हात सोडल्यावर लहान मूल बघतं तशी ती बघत होती. आत्याने तिच्यावरची नजर हलवली नाही.

"ढब्बू जेवत नाही, वहिनी," ती मोठ्याने म्हणाली. "खूप महिने झाले. मला माहीत होतं. ती सोमवारी परीक्षेला बसणार नाही. उद्या सकाळी मी तिला इस्पितळात नेणार आहे, ती नाही म्हणाली तरी. तू आणि दादा निघा."